शेततळ्यातलं दोऱ्याचं शेवाळ : मोरचूद टाकण्याआधी पाणी मोजा

कोरेगाव भीमा : थंडी सरत आली की शेततळ्याच्या पाण्यावर हिरवट-पिवळी गोधडी दिसायला लागते. सकाळी ती तळाला असते, दुपारी ऊन तापलं की वर येते, संध्याकाळी पुन्हा खाली बसते. आधी कोणी लक्ष देत नाही. मग एक दिवस ठिबकचा फिल्टर तासातासाला भरायला लागतो, मोटार पाणी ओढेना होते, शेवटच्या ओळीतली कांद्याची किंवा उसाची रोपं सुकायला लागतात. तेव्हा धावपळ होते आणि पारावरचा सल्ला ठरलेला असतो : ‘दोन-तीन किलो मोरचूद टाक, दोन दिवसांत साफ होतंय.’

शेवाळ साफ होतं हे खरं. पण कितीतरी वेळा त्याच्याबरोबर तळ्यातले मासेही पालथे पडतात, आणि महिनाभरात शेवाळ परत हजर होतं. शिरूर आणि दौंड तालुक्यांत गेल्या काही वर्षांत शेततळी खूप वाढली. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, आता हेच काम मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून चालतं. तळं खोदायचं कसं, कागद अंथरायचा कसा हे बहुतेकांना माहीत झालं. तळ्यातलं पाणी सांभाळायचं कसं, हे मात्र ज्याचं त्याने शिकायचं असंच चाललं आहे. शेवाळाचा प्रश्न त्यातलाच.

हे शेवाळ कोणतं?

तळ्यातलं प्रत्येक हिरवं म्हणजे एकच शेवाळ नव्हे, आणि उपायही एकच नसतो. ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, हात घालून बघितलं तरी बरंच कळतं.

हातात घेतल्यावर केसांसारखं, रेशमासारखं मऊ आणि बुळबुळीत लागलं, बोटांतून निसटलं, तर ते बहुधा स्पायरोगायरा. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याचं चित्र काढायला लावतात तेच. याला थंड पाणी मानवतं, म्हणून दिवाळीनंतर सुरू होऊन फाल्गुनात जोरावर येतं. हाताला खरखरीत, ओल्या कापसासारखं किंवा गोणपाटाच्या सुतासारखं लागलं तर क्लॅडोफोरा किंवा पिथोफोरा. पिथोफोरा फार चिवट. त्याचे जाड कवचाचे बीजाणू तळाच्या गाळात पडून राहतात, औषधाला दाद देत नाहीत आणि पाणी गरम झालं की पुन्हा फुटतात. माशाच्या जाळ्यासारखी षटकोनी घरं दिसली तर ते जलजाल, म्हणजे हायड्रोडिक्टिऑन.

दोन गोष्टींची गल्लत होते. हाताळल्यावर कचकच मोडणारी, उग्र वासाची, छोट्या झाडासारखी दिसणारी कारा ही वेगळी. ती जड पाण्यात येते आणि तळाला धरून राहते. आणि पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय आली, हातात काही धरताच येत नाही, वारा आला की एका कोपऱ्यात जमते आणि कुबट वास मारते, तर ते दोऱ्याचं शेवाळ नव्हेच. ते निळं-हिरवं शेवाळ. उजनीच्या फुगवट्यात उन्हाळ्यात पाणी हिरवंगार दिसतं ते याच जातीचं. यातले काही प्रकार विष तयार करतात. अशा पाण्यावर जनावरं पाजू नयेत आणि ते मारायची घाईही करू नये, कारण पेशी फुटल्या की आतलं विष एकदम पाण्यात उतरतं. असं पाणी असेल तर आधी तज्ज्ञाला दाखवावं. पुढचा मजकूर फक्त दोऱ्याच्या शेवाळाबद्दल आहे.

हे शेवाळ जन्माला येतं तळाशी आणि कागदाच्या उतारावर. दिवसा ते प्राणवायू सोडतं, त्याचे बुडबुडे दोऱ्यांच्या गुंत्यात अडकतात आणि गुंता फुग्यासारखा वर येतो. म्हणजे वर गोधडी दिसली त्याच्या महिनाभर आधीच शेवाळ तळाला वाढत असतं. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उतारावरचा कागद हिरवा दिसायला लागला, तर काम तेव्हाच सुरू करायला हवं. तेव्हा ते दोन माणसांचं अर्ध्या दिवसाचं काम असतं.

खत कुठून येतं?

शेवाळाला लागतं काय? ऊन, पाणी, नत्र आणि स्फुरद. ऊन आपल्याकडे फुकट. राहिलं खत.

त्यातही स्फुरद महत्त्वाचं. शास्त्रज्ञांचा एक जुना अंदाज आहे की पाण्यातल्या एक भाग फॉस्फरसवर त्याच्या पाचशे पट वजनाचं ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. आता डीएपीचा हिशेब करा. एक किलो १८:४६ मध्ये शुद्ध फॉस्फरस साधारण २०० ग्रॅम भरतो. म्हणजे बांधावर फुटलेल्या गोणीतलं किलोभर डीएपी पावसाने वाहून तळ्यात गेलं, तर १०० किलोपर्यंत शेवाळाची सोय झाली.

आपल्या भागात पाणीच मुळात खत घेऊन येतं. कोरेगाव भीमाच्या वरच्या अंगाला तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. पिंपरी-चिंचवड, आळंदीकडचं सांडपाणी त्या वाटेने येतं. खाली रांजणगाव सांडसला मुळा-मुठा मिळते, ती पुण्याचं घेऊन येते. दौंडकडे मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या बेबी कालव्यात सोडलेलं पाणीही मुळा-मुठेचंच. नदीवर दर वर्षी जलपर्णी माजते, ती याच खतावर. बंधाऱ्यावरून मोटार लावून शेततळं भरणाऱ्याने हे धरून चालावं की त्याचं पाणी भरतानाच खत घातलेलं आहे. चासकमानच्या कालव्याचं पाणी त्या मानाने बरं असतं. बोअरच्या पाण्यात स्फुरद सहसा कमी असतं, पण भरपूर खतं पडलेल्या बागायती पट्ट्यात नायट्रेट असू शकतं.

बाकीचं खत घरचंच असतं. तळ्याच्या भरावावर शेणाचा उकिरडा. गोठ्याचं धुणं त्या बाजूला उतरलेलं. माशांना टाकलेली पण न खाल्लेली पेंड. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे व्हेंच्युरी. खत सोडताना वीज गेली आणि पाइपला नॉन रिटर्न व्हॉल नसला, तर खताचं पाणी उलटं तळ्यात जातं. काही जण तर जीवामृत किंवा स्लरी थेट शेततळ्यात ओततात, म्हणजे सगळ्या रानाला आपोआप पोचेल. रानाला पोचायच्या आधी ते शेवाळाला पोचतं. खत कालवायचं तर वेगळ्या टाकीत.

आणखी एक गोष्ट विचित्र वाटेल. नितळ पाण्यात दोऱ्याचं शेवाळ जास्त येतं. पाणी गढूळ किंवा हिरवट असेल तर तळापर्यंत ऊन पोचत नाही आणि तळाचं शेवाळ उगवत नाही. पावसाळ्यात गढूळ असलेलं तळं दिवाळीपर्यंत निवळतं, तळ दिसायला लागतो, आणि नेमकं तेव्हाच याला फावतं. कागदाच्या तळ्यात माती ढवळत नाही, म्हणून तिथे त्रास जास्त. तुरटी फिरवून पाणी नितळ करणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. तुरटी पाण्यातलं स्फुरद खाली बसवते हा तिचा फायदा, पण सोबत उन्हालाही वाट मोकळी करून देते.

हाताने काढणं सगळ्यात खात्रीचं

हाताने शेवाळ काढणं हे जुनं, कंटाळवाणं काम. पण त्याचा एक फायदा कोणत्याच औषधात नाही. शेवाळाने पाण्यातलं जे नत्र-स्फुरद खाल्लं, ते शेवाळाबरोबर तळ्याबाहेर जातं. औषधाने मारलेलं शेवाळ तळाला कुजतं, खत पुन्हा पाण्यात सुटतं आणि पुढच्या शेवाळाच्या कामी येतं. महिन्याने परत येतं ते यामुळे.

काढायची वेळ दुपारी बारा ते तीन. तेव्हा गोधडी वर तरंगत असते. वारा एका बाजूला वाहत असेल तर निम्मं काम वाराच करतो, सगळं एका कोपऱ्यात ढकललेलं असतं. मोठ्या तळ्याला जुनी शेडनेट किंवा कोळ्यांचं जुनं जाळं घ्यावं. वरच्या कडेला रिकामे प्लास्टिकचे डबे बांधावेत, खालच्या कडेला वाळू भरलेला पाइप. दगड बांधू नयेत, कागद फाटतो. दोन बाजूंच्या भरावावर दोघांनी दोर धरून जाळं सावकाश ओढत वाऱ्याच्या कोपऱ्याकडे आणावं. घाई केली तर दोरे तुटतात, आणि स्पायरोगायराचा प्रत्येक तुकडा पुन्हा वाढतो.

कोपऱ्यात जमलेलं लांब बांबूच्या दाताळ्याने ओढावं. लोखंडी दाताळं कागदाच्या तळ्यात नकोच. लाकडी दाते चालतात, तेही टोकाला सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालून. ५०० मायक्रॉनचा कागद जाड वाटतो, पण एका ओरखड्याने गळती सुरू झाली तर शेवाळ परवडलं म्हणायची वेळ येते. उतारावर चिकटलेलं शेवाळ पाणी खाली गेल्यावर आपोआप वाळतं. ते तिथेच खरवडू नये, वाळून पापुद्रा सुटला की झाडूने गोळा करावं.

बाहेर काढलेल्या शेवाळात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते भरावाच्या आतल्या बाजूला टाकलं तर निथळलेलं पाणी पुन्हा तळ्यात. भरावाच्या पलीकडे पसरावं, दोन-तीन दिवसांत वाळून मूठभर होतं. मग उसाच्या पाचटाबरोबर कंपोस्टच्या खड्ड्यात जातं, किंवा झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून. जनावरांना घालू नये, त्यात काय काय मिसळलेलं आहे याचा भरवसा नसतो. ओढ्यातही टाकू नये. खालच्या बंधाऱ्यावर दुसऱ्याची मोटार असते.

तळ्यात उतरू नका

शेवाळ काढताना जीव जातात, ही या विषयातली सगळ्यात गंभीर बाब. शेततळ्यात बुडून मृत्यू झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दर वर्षी येतात, त्यात पोहता येणारेही असतात. कारण साधं आहे. तळ्याची बाजू एकास एक उताराची, म्हणजे ४५ अंशांची. त्यावर प्लास्टिक, त्यावर ओलं शेवाळ. पाय घसरला की धरायला काही नसतं. पोहता येणारा काठापर्यंत येतो, पण वर चढू शकत नाही. दमतो आणि खाली जातो. मोटारीचा फूटव्हॉल मोकळा करायला एकटाच उतरलेला माणूस, किंवा त्याला काढायला गेलेला दुसरा, असेच प्रकार जास्त.

म्हणून शेवाळाच्या कामाला कधीही एकट्याने जाऊ नये. तळ्याच्या चारही बाजूंना जाड नायलॉनचा दोर, हातभर अंतरावर गाठी मारून, वरच्या खुंट्याला बांधून पाण्यापर्यंत सोडलेला असावा. जुने टायर एकाला एक बांधून उतारावर सोडले तर शिडीचं काम होतं. हवा भरलेली ट्यूब काठावर कायमची असावी. आणि तारेचं कुंपण करायचं राहून गेलं असेल तर शेवाळाच्या आधी तो खर्च करावा. घरात लहान मुलं असतील तर त्यात चालढकल नको.

मोरचुदाचा हिशेब

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, डाळिंब-द्राक्षवाल्यांच्या घरी बोर्डो मिश्रणासाठी असतंच. म्हणून ते पटकन हाताशी येतं. ते शेवाळाला मारतं, पण माशाला किती पचेल हे पाण्यावर ठरतं. दोन गोष्टी कळल्याशिवाय पुडी फोडू नये : तळ्यात आज पाणी किती आहे, आणि त्या पाण्याची अल्कता, म्हणजे अल्कलिनिटी, किती आहे.

आधी पाणी. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं, बाजूचा उतार एकास एक, तर तळाची बाजू २४ मीटर. असं तळं काठोकाठ भरलं तर २१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी. आता उन्हाळ्यात त्यातच एक मीटर पाणी राहिलं तर किती? पाहणारा म्हणतो तिसरा हिस्सा, सात लाख लिटर. खरं पाणी ६२५ घनमीटर, सव्वासहा लाख लिटर, कारण तळं खाली निमुळतं होत जातं. दोन मीटर असेल तर १३५५ घनमीटर. १५ बाय १५ बाय ३ चं छोटं तळं भरलेलं असलं तरी ४४१ घनमीटरच.

स्वतःच्या तळ्याचा हिशेब असा : पाण्याच्या वरच्या पातळीचं क्षेत्रफळ, तळाचं क्षेत्रफळ, आणि बरोबर मध्यावरच्या क्षेत्रफळाची चौपट, या तिघांची बेरीज करायची. तिला पाण्याच्या खोलीने गुणून ६ ने भागायचं. सगळी मापं मीटरमध्ये घेतली की उत्तर घनमीटरमध्ये येतं. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, आणि १००० लिटरला १ ग्रॅम म्हणजे १ पीपीएम.

आता अल्कता. मत्स्यशेतीत वापरला जाणारा ठोकताळा असा की पाण्याची अल्कता लिटरला जितकी मिलिग्रॅम, तिला १०० ने भागलं की जो आकडा येतो तितके पीपीएम मोरचूद. अल्कता १५० असेल तर दीड पीपीएम. भरलेल्या मोठ्या तळ्याला ते ३ किलो ३०० ग्रॅमच्या आसपास होतं. त्याच तळ्यात एक मीटर पाणी असेल तर जेमतेम ९४० ग्रॅम. म्हणजे शेजाऱ्याने दिवाळीत तीन किलो टाकलं आणि त्याचं काही बिघडलं नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये तीन किलो टाकलं, तर तिपटीहून जास्त मात्रा झाली. मासे मरतात ते इथे. अल्कता कितीही जास्त असली तरी अडीच पीपीएमच्या वर जाऊ नये.

अल्कता ५० च्या खाली असेल तर मासे असलेल्या तळ्यात मोरचूद धोक्याचं, २० च्या खाली असेल तर टाकूच नये. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुतेक जड असतं, त्यात तांबं लवकर खाली बसतं. पण ज्याचं तळं निव्वळ पावसाच्या पाण्यावर भरलं आहे त्याचं पाणी हलकं. तिथे तेवढीच मात्रा जहाल ठरते. दोन तळी शेजारी-शेजारी असली तरी एकाचं माप दुसऱ्याला लागत नाही ते यामुळे. पाण्याचा नमुना तपासायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. नारायणगाव आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रांत, जे जवळ पडेल तिथे, सल्ला मिळतो. मासे विक्रीसाठी असतील तर मत्स्यव्यवसाय विभागाला विचारूनच हात घालावा.

टाकायचंच ठरलं तर एकदम सगळ्या तळ्याला नको. एका वेळी तिसरा हिस्साच, तेही गोधडी आहे त्या भागात, आणि पुढच्या हिश्श्याला दहा-बारा दिवसांनी. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत विरघळवावं, पत्र्याची बादली ते खातं. हातमोजे, डोळ्याला चष्मा. वेळ सकाळची, ऊन असलेली. ढगाळ दिवशी किंवा कडक उन्हाळ्यात करू नये. त्याआधी हाताने जमेल तेवढं शेवाळ काढून घ्यावं, म्हणजे मरून कुजणारं कमी राहतं.

तांबं हे धातू आहे, ते कुजत नाही. पाण्यातून उतरून गाळात साठतं. दर वर्षी टाकणाऱ्याच्या तळाला ते वाढत जातं, आणि तो गाळ कधीतरी रानातच येतो. आणखी एक : मेंढीला तांबं फार लवकर बाधतं, गाईपेक्षा कितीतरी लवकर. तिच्या यकृतात ते साठत जातं आणि एक दिवस जनावर पटकन जातं. शिरूर-दौंडच्या माळावरून मेंढरांचे वाडे फिरतात, वाटेवरच्या तळ्यावर पाणी पाजतात. मोरचूद टाकलं असेल तर धनगरांना स्पष्ट सांगावं.

मासे का मरतात?

कित्येकदा मासे मोरचुदाने मरतच नाहीत, श्वास कोंडून मरतात. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही श्वास घेतं. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्यात एकदम मारलेलं शेवाळ कुजायला लागलं की कुजवणारे जिवाणू उरलेला प्राणवायू ओढतात. मुळात गरम पाण्यात प्राणवायू कमीच मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. त्यामुळे हाच प्रकार जानेवारीत निभावून जातो आणि एप्रिलमध्ये अंगाशी येतो.

सूर्य उगवायच्या आधी तळ्यावर जाऊन बघावं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर तासाभराचाही उशीर चालत नाही. मोटार चालू करून तळ्याचंच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं तळ्यात पाडावं, जमल्यास बोअरचं ताजं पाणी तसंच सोडावं. पेंड दोन-चार दिवस बंद. रात्रीच्या विजेचं वेळापत्रक बघूनच औषधाचा दिवस ठरवावा, पहाटे मोटार चालली पाहिजे.

मासा, पेंढा, सावली आणि बाटल्या

गवत्या मासा सोडा, शेवाळ खाईल, असं सर्रास सांगतात. गवत्या पाण्यातलं मऊ गवत आवडीने खातो, दोऱ्याचं शेवाळ दुसरं काही नसेल तर. लहान असताना जास्त खातो. शेवाळ यायच्या आधी सोडलेला असेल तर थोपवायला मदत होते, माजलेलं शेवाळ तो संपवत नाही. चंदेरी मासा पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातो, दोरे त्याच्या तोंडाचे नाहीत. उजनीची चिलापी शेवाळ खाते, पण ती इतकी वाढते की रोहू-कटल्याला जागा उरत नाही. बादलीतून आणून सोडायचा मोह आवरावा. ठिबकच्या तळ्यात मासा सोडताना त्याची विष्ठाही खतच आहे, हेही मोजावं.

इंग्लंडात जवाचा (सातूचा) पेंढा जाळीत भरून तळ्यात सोडतात. तिथे त्यावर अभ्यास झाले आहेत. पेंढा कुजताना नव्या शेवाळाची वाढ रोखली जाते, असलेलं शेवाळ मात्र मरत नाही. मात्रा साधारण चौरस मीटरला २५ ग्रॅम. आपल्याकडे जव कोण पेरतो? गव्हाच्या काडाने तसाच गुण येतो याची खात्री देता येत नाही, आणि गाठोडीच्या गाठोडी टाकली तर कुजून प्राणवायू खातात, वर आणखी खत होतं.

सावलीचा उपाय पक्का आहे, खर्चाचा आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या एका जलाशयावर २०१५ मध्ये ९ कोटी ६० लाख काळे प्लास्टिकचे चेंडू सोडले होते, ऊन अडवायला. आपल्याला एवढं नको. छोट्या तळ्यावर जुनी शेडनेट ताणली तरी शेवाळ मंदावतं आणि बाष्पीभवनही घटतं. जलपर्णी मात्र सावलीसाठीही तळ्यात आणू नये, ती नंतर निघत नाही. अझोला जनावरांना चांगला, पण तो हवेतला नत्र पाण्यात आणतो. त्याची वाफा वेगळी असावी.

दुकानात ‘तळं साफ’ करणाऱ्या जिवाणूंच्या बाटल्या मिळतात. गाळ कुजवायला काहींचा उपयोग होत असेल, पण माजलेली गोधडी बाटलीने गेली असं मानून पैसे घालवू नयेत. तणनाशक, डिझेल, मीठ यांतलं काहीही तळ्यात टाकू नये. ते पाणी शेवटी पिकालाच द्यायचं असतं.

अंगणातलं टाकं

कोरेगाव भीमा, सणसवाडीकडे नव्या बंगल्यांपुढे कमळाची, रंगीत माशांची टाकी दिसायला लागली आहेत. तिथे काम सोपं. खरखरीत काठी घालून फिरवली की दोरे शेवयांसारखे गुंडाळून येतात. पाण्याचा निम्म्याहून थोडा जास्त भाग कमळाच्या पानांखाली राहील असं बघावं. दुपारचं ऊन अडेल अशी सावली करावी. माशांना दोन मिनिटांत संपेल तेवढंच खाणं. यूव्हीचा दिवा पाणी हिरवं होणं थांबवतो, पण दगडाला धरलेलं दोऱ्याचं शेवाळ त्याच्या नळीतून जातच नाही, म्हणून त्याला तो लागू पडत नाही.

टाक्यात मोरचूद टाकूच नये. एवढ्या पाण्याला लागणारं माप चिमटीत धरता येत नाही. शिवाय डासांसाठी सोडलेले गप्पी मासे आधी मरतात, आणि मग डेंगीची काळजी. टाकं पूर्ण रिकामं करून धुवायचं असेल तर मासे-कमळ बाहेर काढून टीसीएल पावडरने घासावं, दोन-तीनदा खळबळून धुवावं, एक दिवस उन्हात वाळवावं. नळाचं क्लोरीन असलेलं पाणी भरून लगेच मासे सोडू नयेत.

ठिबक वाचवायचं

शेवाळ पूर्ण जाईपर्यंत पीक थांबत नाही. मोटारीचं ओढण्याचं तोंड पाण्याच्या वर नको, तळालाही नको. वर गोधडी, खाली गाळ. एका बंद डब्याला बांधून ते पाण्याखाली दीड-दोन फुटांवर लटकत ठेवावं, पाणी उतरेल तसं तेही उतरतं. त्याभोवती हातभर अंतर सोडून बारीक जाळीचा पिंजरा करावा. जाळी थेट तोंडाला गुंडाळली तर लगेच बुजते, लांब ठेवली तर दिवसभर चालते.

शेततळ्याच्या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही. दोरे जाळीवर चिकटतात आणि दाबाने तुकडे होऊन पलीकडे जातात. आधी वाळूचा फिल्टर, मग जाळीचा किंवा चकतीचा. वाळूच्या फिल्टरच्या आत-बाहेरच्या दाबात फरक वाढला की बॅकवॉश, आणि ते पाणी पुन्हा तळ्यात सोडायचं नाही. नळ्यांत शिरलेल्या शेवाळासाठी क्लोरीन सोडतात, पण ते फिल्टरपासून पुढे, तळ्यात नव्हे. आम्ल आणि क्लोरीन एका दिवशी, एका टाकीतून कधीही सोडू नये, विषारी वायू तयार होतो.

पावसाळ्याआधी तळं रिकामं होणार असेल तर तळाचा गाळ काढायची तीच वेळ. शेवाळाचे बीजाणू आणि साठलेलं स्फुरद दोन्ही त्या गाळातच असतं. कागद फाटणार नाही अशा बेताने घमेल्याने गाळ काढावा, चार दिवस तळ उन्हात तापू द्यावा. रानाचं पाणी तळ्यात घेत असाल तर तोंडाशी गाळ बसायला एक खड्डा करावा आणि खत टाकल्यानंतरचा पहिला मोठा पाऊस तळ्यात न घेता बाहेर सोडून द्यावा.